आधीचे आणि नंतरचे : छायाचित्राच्या प्रामाण्याचा प्रश्न

सौंदर्यशल्यचिकित्सा, म्हणजे व्यवहारात जिला कॉस्मेटिक सर्जरी म्हणतात ती, वैद्यकाच्या इतर शाखांहून एका बाबतीत वेगळी आहे. ताप उतरला की नाही हे तापमापकावरून समजते आणि मोडलेले हाड जुळले की नाही हे क्ष-किरणांच्या चित्रात दिसते; नाक पूर्वीपेक्षा चांगले झाले की नाही हे सांगणारे उपकरण मात्र कोणाजवळच नाही, आणि तो निवाडा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवावा लागतो. म्हणून या शाखेत पुराव्याचे काम एका विशिष्ट चित्रप्रकाराकडे आले. एकाच व्यक्तीची शस्त्रक्रियेपूर्वीची आणि शस्त्रक्रियेनंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडायची, आणि दोहोंतला फरक पाहणाऱ्याने स्वतःच ओळखायचा. चिकित्सक आणि रुग्ण दोघेही या जोडीला 'बिफोर-आफ्टर' म्हणतात. या जोडीवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाच्या सावधपणाचा वाटतो. वस्तुतः तो ज्ञानाच्या साधनांचा, म्हणजे भारतीय दर्शनांत ज्यांना प्रमाणे म्हटले आहे त्यांचा प्रश्न आहे, कारण ही जोडी पाहून जे 'कळते' ते नेमके कोणत्या मार्गाने कळते हे ठरल्याशिवाय त्याच्या खरेखोटेपणाची कसोटीही ठरत नाही.

पाहणाऱ्याला वाटते की हे प्रत्यक्ष आहे. न्यायदर्शनाच्या मते इंद्रिय आणि पदार्थ यांच्या संनिकर्षातून, म्हणजे प्रत्यक्ष संबंधातून उपजणारे, न चुकणारे आणि निश्चयात्मक असे ज्ञान ते प्रत्यक्ष होय. छायाचित्र पाहताना डोळ्याचा संबंध येतो तो कागदाशी किंवा पडद्याशी. ज्या चेहऱ्याविषयी निश्चय होतो तो चेहरा त्या क्षणी तेथे नसतो, तो दुसऱ्या गावी आणि कदाचित दुसऱ्या वर्षी असतो. त्यामुळे छायाचित्रावरून चेहऱ्याचे ज्ञान होणे हे धूर पाहून अग्नी जाणण्याच्या जातीचे, म्हणजे अनुमानाच्या जातीचे ठरते : अमुक आकृती उमटली आहे, त्याअर्थी कॅमेऱ्यासमोर तशी वस्तू असली पाहिजे. या अनुमानाला बळ देणारी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची यांत्रिकता. चित्रकार समोर नसलेलेही काढू शकतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही, असा हा भरवसा आहे. तो भरवसा फार जुना असला तरी त्याला पडलेली चीरही तितकीच जुनी आहे. छायाचित्रणकला जगासमोर आली ते वर्ष 1839 मानले जाते, आणि 1840 मध्येच इपोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून दाखवणारे छायाचित्र तयार केले होते. कॅमेऱ्यासमोर माणूस खरोखरच होता, फक्त तो मेलेला नव्हता.

तथापि एकटे छायाचित्र आणि छायाचित्रांची जोडी यांत मोठा भेद आहे. एकटे चित्र एवढेच सांगते की असे काहीतरी होते. जोडी सांगते की जे तसे होते तेच आता असे झाले आहे. 'तोच हा देवदत्त' हे दर्शनग्रंथांतले ठरलेले उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडते. पूर्वी पाहिलेल्या आणि आता दिसणाऱ्या वस्तूचे एकत्व ओळखणाऱ्या या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. नैयायिकांच्या मते प्रत्यभिज्ञा हे एकच ज्ञान आहे. पूर्वानुभवाचा संस्कार डोळ्याला साह्य करतो आणि 'तो' व 'हा' एकाच दृष्टीत येतात. बौद्ध तार्किकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते येथे दोन ज्ञाने आहेत, एक स्मरण आणि एक दर्शन, आणि त्यांच्यावर एकत्व लादले जाते. त्यासाठी ते जो दाखला देतात तो या विषयाच्या संदर्भात विलक्षण चपखल आहे : कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढले की माणूस 'हे तेच केस' असे म्हणतो, पण ते तेच नसतात, तसे दिसणारे दुसरे असतात. केशरोपणाच्या जाहिरातीपुढे उभे राहून हा दाखला आठवला तर प्राचीनांच्या उदाहरणनिवडीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

बौद्धांचा क्षणिकवाद, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी दुसरी होते हे मत, संपूर्ण स्वीकारण्याची गरज नाही. त्यांच्या आक्षेपातील एवढा अंश पुरेसा आहे की एकत्व हे दिसत नाही, ते जोडले जाते, आणि जोडणारा पाहणारा स्वतः असतो. प्रत्यक्ष देवदत्ताला दोनदा भेटलेल्या माणसाजवळ निदान स्वतःचे पहिले दर्शन असते. चित्रांची जोडी पाहणाऱ्याला आधीचे दर्शनही दुसऱ्याने पुरवलेले असते आणि नंतरचेही. त्याच्या जवळची स्मृतीसुद्धा उसनी असते. चेहऱ्यावरील तीळ, कानाची पाळी, दातांची ठेवण अशा शस्त्रक्रियेने न बदललेल्या खुणांवरून तो एकत्वाची खात्री करून घेऊ शकतो, आणि जाणकार प्रथम तेच करतात; परंतु ज्या काळात संगणक नुसत्या वर्णनावरून माणसाचा चेहरा तयार करतो त्या काळात या खुणाही पूर्वीइतक्या बोलक्या राहिलेल्या नाहीत.

सरळसरळ बनावटगिरीचा विचार मात्र येथे फार वेळ करण्याचे कारण नाही. ती नैतिकदृष्ट्या गंभीर असली तरी तत्त्वदृष्ट्या सोपी आहे. खोटे नाणे खोटे आहे एवढेच त्याविषयी म्हणता येते. अधिक अवघड आणि व्यवहारात अधिक आढळणारा प्रकार वेगळा आहे, आणि तो समजण्यास मीमांसक प्रभाकराचा अख्यातिवाद जितका उपयोगी पडतो तितके दुसरे काही पडत नाही. शिंपल्यावर रुपे भासते, या प्रसिद्ध भ्रमाची मीमांसा करताना नैयायिक म्हणतात की अन्यत्र असलेले रुपे येथे दिसले, म्हणून हे ज्ञान चुकीचे आहे. प्रभाकराचे म्हणणे असे की चुकीचे ज्ञान असे काही नसतेच. 'हे' एवढे जे दिसले ते खरे आहे, 'रुपे' हे जे आठवले तेही खऱ्या रुप्याचेच स्मरण आहे. चूक घडली ती या दोहोंमधील भेद ध्यानात न आल्यामुळे. भ्रम म्हणजे असत्याचे ग्रहण नसून भेदाचे अग्रहण आहे. भ्रमाची सर्वसाधारण उपपत्ती म्हणून या मतावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि त्यांतले काही सबळ आहेत. आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांना मात्र ते अगदी मापाचे बसते, कारण या जोडीतले प्रत्येक चित्र अस्सल, कुठेही न खोडलेले, खऱ्या रुग्णाचे असूनही जोडी खोटी असू शकते. चित्रांच्या दरम्यान काय काय बदलले यातला शस्त्रक्रियेचा भाग तेवढा पाहणाऱ्याला दाखवला जातो, आणि उरलेला भेद त्याच्या नजरेतून निसटतो.

हा निसटणारा भेद कोणता असतो हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण येथे तत्त्वचर्चा थेट भिंगापर्यंत येऊन पोचते. कॅमेरा चेहऱ्याच्या जितका जवळ, तितका चेहऱ्याचा पुढे आलेला भाग मागच्या भागाच्या मानाने मोठा उमटतो, आणि चेहऱ्यात सर्वांत पुढे नाक असते. अमेरिकेतील काही संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती अभ्यासात असे दाखवले की सुमारे 12 इंचांवरून, म्हणजे हात आखडून घेतलेल्या स्वछायाचित्राच्या अंतरावरून, नाकाची रुंदी 5 फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या तुलनेत जवळपास 30 टक्क्यांनी अधिक भासते. आधीचे चित्र रुग्णाने स्वतः भ्रमणध्वनीवर काढलेले आणि नंतरचे चिकित्सालयात नीट अंतरावरून घेतलेले असेल, तर शस्त्राला हात न लावताच नाक लहान झालेले दिसेल, आणि त्यात कोणी खोटे बोललेले नसेल. म्हणूनच वैद्यकीय छायाचित्रणात ठरावीक अंतर आणि साधारण 90 ते 105 मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग वापरण्याचा संकेत आहे, आणि समोरून, दोन्ही तिरप्या बाजूंनी, दोन्ही कडांनी व नाकासाठी खालूनही चित्रे घ्यावीत अशी अपेक्षा असते.

मान किती वर आहे यावरही बरेच अवलंबून असते. हनुवटी किंचित पुढे-वर केली की गळ्याखालची लोंबती कातडी ताणली जाते व जबड्याची रेषा स्पष्ट होते. ती किंचित खाली घेतली की सडपातळ माणसालाही दुसरी हनुवटी फुटते. यावर उपाय म्हणून फ्रँकफर्ट प्रतलाचा आधार घेतला जातो. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड यांना जोडणारी रेषा जमिनीला समांतर ठेवायची, असा हा नियम असून एकोणिसाव्या शतकात जर्मन मानववंशशास्त्रज्ञांनी तो कवट्या मोजण्यासाठी ठरवला होता. मृतांच्या डोक्यांची तुलना करण्यासाठी योजलेले माप जिवंत माणसांच्या रूपाच्या पुराव्याला लागावे, हा इतिहासातला एक विचित्र योग म्हणावा लागेल. प्रकाशाची गोष्ट तर सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे : बाजूने किंवा वरून पडणारा उजेड प्रत्येक सुरकुतीला सावली देतो, आणि समोरून पडणारा पसरट उजेड सावल्यांबरोबर सुरकुत्याही पुसून टाकतो. ओल्या केसांत टाळू दिसते, कोरड्या व फुगवलेल्या केसांत झाकली जाते. आधीच्या चित्रातला चेहरा गंभीर आणि नंतरच्या चित्रातला किंचित हसरा असेल, तर गालांचा उठाव हास्याचा आहे की शस्त्रक्रियेचा हे वेगळे काढणे निष्णात डोळ्यालाही अवघड जाते.

न्यायशास्त्राच्या भाषेत या साऱ्या उपाधी आहेत. उपाधी म्हणजे कार्यकारणाच्या दाव्यात दडून बसलेली अशी अट, जी खऱ्या कामाची असते पण जिचा उल्लेख दाव्यात नसतो. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे म्हणता येत नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, कारण धुराला अग्नीखेरीज ओले सरपण लागते. ओले सरपण ही तेथली उपाधी. 'शस्त्रक्रिया झाली म्हणून रूप सुधारले' या दाव्यात भिंग, मान, उजेड, प्रसाधन, मधल्या काळात घटलेले वजन, इतकेच काय पण सुखावलेले मन, यांपैकी कोणतेही ओले सरपण असू शकते. उपाधी काढून टाकण्याचा मार्गही शास्त्राने सांगितला आहे आणि त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : कारण असताना कार्य असते आणि कारण नसताना कार्य नसते, असे दोन्ही बाजूंनी तपासायचे. त्याचा येथे अर्थ एवढाच होतो की दोन चित्रांत शस्त्रक्रियेखेरीज दुसरे काहीही बदललेले नसावे. कंटाळवाणी, एकसारखी, निळ्या किंवा करड्या पडद्यापुढे निर्विकार चेहऱ्याने काढलेली चित्रे त्यामुळे आकर्षक चित्रांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात. सुंदर नंतरचे चित्र हे पुराव्याच्या दृष्टीने एक व्यंग आहे.

काळ हीदेखील उपाधीच आहे, आणि ती सर्वांत कमी ध्यानात येते. 'नंतर' हा शब्द किती नंतर ते सांगत नाही. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज, विशेषतः शेंड्याची, पूर्ण उतरण्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, आणि जाड त्वचेच्या नाकावर आतल्या कूर्चेतले बारीक फेरफार बराच काळ दिसतही नाहीत. रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, आणि निकाल वर्षाच्या सुमारास कळतो. उलटपक्षी त्वचेखाली भरणद्रव्य टोचल्यावर लगेच घेतलेल्या चित्रात सुजेचाच भरीवपणा सौंदर्य म्हणून मिरवतो. म्हणजे एका ठिकाणी घाई चिकित्सकावर अन्याय करते आणि दुसऱ्या ठिकाणी रुग्णावर. तारीख नसलेले नंतरचे चित्र यांपैकी कोणत्या घाईचे आहे हे चित्र स्वतः सांगू शकत नाही.

समजा, या सर्व अटी पाळल्या. एक जोडी निर्दोष ठरली, म्हणजे एका माणसाच्या बाबतीत एक गोष्ट सिद्ध झाली. पाहणाऱ्याला हवी असते ती दुसरीच गोष्ट, की आपल्याही बाबतीत असेच होईल. त्यासाठी व्याप्ती लागते, म्हणजे दोन गोष्टींचे कोठेही न ढळणारे साहचर्य, आणि ती एका दृष्टान्ताने कधी सिद्ध होत नाही; वीस दृष्टान्तांनीही होत नाही, जर ते वीस निवडणाऱ्याला उरलेले लपवता येत असतील. या लपलेल्या उरलेल्यांविषयी कुमारिल भट्टाच्या परंपरेने जो विचार केला आहे तो अत्यंत मोलाचा आहे. जमिनीवर घडा नाही हे कसे कळते, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांचे उत्तर असे की न दिसणे हेही ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन आहे. त्याला त्यांनी अनुपलब्धी असे नाव दिले. मात्र त्याला एक कडक अट घातली. न दिसण्याने नसणे तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. उजेडात मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. ही अट पुरी करणाऱ्या अनुपलब्धीलाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

चिकित्सकाच्या चित्रसंग्रहात फसलेल्या शस्त्रक्रियांची चित्रे दिसत नाहीत. ती असती तर तेथे दिसली असती काय? ती चित्रे तेथे लावण्याचे त्याला कोणतेच कारण नसते, उलट न लावण्याची कारणे पुष्कळ असतात. म्हणून तेथले त्यांचे न दिसणे अंधारातल्या घड्यासारखे आहे, आणि त्यावरून अपयश झालेच नाही असे मानणारा मनुष्य प्रमाणशास्त्रातील प्राथमिक चूक करतो. ही अनुपलब्धी योग्य व्हायची असेल तर निवडीचा अधिकार दाखवणाऱ्याच्या हातून काढावा लागतो. उदाहरणार्थ, ठरलेल्या तारखेपासून ओळीने झालेल्या सर्व रुग्णांची चित्रे, एकही न गाळता, दाखवावी लागतात. वैद्यकातील चांगल्या शोधनिबंधांत सलग रुग्णांची मालिका मांडण्याची जी पद्धत आहे तिच्यामागे हेच तत्त्व आहे. जाहिरातीच्या भिंतीवर ती पद्धत दिसत नाही, आणि दिसावी अशी अपेक्षा करणेही भोळेपणाचे होईल.

येथवरच्या विवेचनातून जे निष्पन्न होते ते असे की ही जोडी प्रत्यक्ष तर नाहीच, पण धडधाकट अनुमानही नाही. कोणती चित्रे, कोणत्या दिवशीची, कोणत्या उजेडातली आणि किती जणांतून निवडलेली, हे सर्व ठरवणारा एक मनुष्य तिच्यामागे उभा आहे आणि तो काहीतरी म्हणतो आहे. जोडी हे त्याचे विधान आहे. म्हणून ती शब्दप्रमाणाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाच्या कक्षेत येते, आणि तिला शब्दाचीच कसोटी लावावी लागते. शब्द कोणाचा ग्राह्य, तर आप्ताचा. आप्त म्हणजे नातलग हा मराठीतला रूढ अर्थ येथे बाजूला ठेवला पाहिजे. वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. कुशल चिकित्सकाच्या ठिकाणी पहिला गुण निःसंशय असतो. आपल्या रुग्णांचे काय झाले हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या गुणाच्या आड त्याचा लाभ येतो. लाभ आहे म्हणून तो खोटे बोलतोच असे नाही, परंतु त्याच्या सांगण्याला दुसऱ्या कोणाचा तरी आधार लागतो एवढे निश्चित.

या ठिकाणी पुण्याशी संबंधित एक जुने प्रकरण विचारात घेण्यासारखे आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मनुष्य 1792 च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. वर्षभराहून अधिक काळ त्याने नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधला देठ शाबूत ठेवून ती खाली फिरवायची, अशी ही कृती होती. ही सुश्रुताचीच रीत, असे अनेकदा लिहिले जाते. सुश्रुतसंहितेत मात्र झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरण्यास सांगितले आहे, त्यामुळे दोहोंत नाते असले तरी ती एकच नव्हे. या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये पत्ररूपाने छापले गेले, त्याबरोबर पुण्यात राहिलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या चित्रावरून केलेले कावसजीचे कोरीव चित्र होते, आणि ते वाचून पुढे जोसेफ कार्पू या लंडनच्या शल्यवैद्याने स्वतः दोन शस्त्रक्रिया करून 1816 मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. युरोपातील आधुनिक नासासंधानाची सुरुवात येथून मोजतात.

प्रामाण्याच्या दृष्टीने या प्रकरणातील लक्षणीय बाब ही की लंडनच्या वाचकाने कावसजीचे आधीचे रूप कधीच पाहिले नाही. त्याच्यापुढे फक्त नंतरचे चित्र होते, आणि तेही हाताने काढलेले. आजच्या मोजमापाने हा पुरावा फारच दुबळा. तरी तो मानला गेला, कारण त्याच्या भोवती शब्दाचे भक्कम कुंपण होते : मुंबई इलाख्यातील इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिल्याचे नमूद होते, चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढल्याचे सांगितले होते, आणि सांगणाऱ्यांपैकी कोणाचाही त्या नाकाच्या विक्रीत हिस्सा नव्हता. ज्याने नाक बसवले त्याला तर असे काही छापले गेल्याची वार्ताही पोचली असण्याचा संभव कमी. चित्राने शब्दाला साह्य केले, शब्दाची जागा घेतली नाही. पहिल्या महायुद्धात शल्यवैद्य हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये जखमी सैनिकांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे आणि चित्रकार हेन्री टाँक्स यांच्याकडून काढून घेतलेली रंगीत रेखाटने जपली तेव्हाही हेच होते. ती चित्रे शल्यवैद्यांनी एकमेकांना शिकवण्यासाठी होती. चित्र ज्या क्षणी शिकवण्याचे सोडून गिऱ्हाईक मिळवू लागते, त्या क्षणी तेच चित्र, त्यातली एकही रेघ न बदलता, वेगळ्या वजनाचे होते.

मग कसोटी कोणती? ज्ञान खरे की खोटे हे कसे कळते यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा शतकानुशतके वाद चालला. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधा दिसेपर्यंत ते खरे धरून चालावे. नैयायिकांच्या मते त्याचे खरेपण बाहेरून, म्हणजे त्यावर विसंबून केलेल्या कृतीला यश आल्यावर कळते. दूर पाणी दिसले, जवळ जाऊन प्यायले, तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरे. दैनंदिन व्यवहारात दोन्ही मते थोडीफार चालतात. शरीरावरील शस्त्राच्या बाबतीत दोन्ही अडखळतात. मीमांसकांचा स्वाभाविक विश्वास येथे परवडत नाही, कारण बाधा उघडकीस येते ती कापून झाल्यावर. नैयायिकांची कृतीची परीक्षाही वापरता येत नाही, कारण मृगजळाकडे गेलेला मनुष्य तहानलेला का होईना, परत येऊ शकतो, आणि बदललेले नाक घेऊन पूर्वीच्या नाकाकडे परतता येत नाही. दुसरी शस्त्रक्रिया होते, पहिले नाक मिळत नाही. स्वतः करून पाहण्याचा मार्ग बंद असल्यामुळे उरतो तो इतरांनी केलेल्या परीक्षेचा, म्हणजे पूर्वी त्याच हातांखालून गेलेल्या माणसांचा शब्द. आणि तो शब्द चित्रांच्या जोडीत नेमका गाळलेला असतो. चित्रातला रुग्ण दिसतो, बोलत नाही. त्याला श्वास नीट घेता येतो का, बधिरपणा गेला का, आणि पुन्हा विचारले तर तो होय म्हणेल का, हे त्याचा चेहरा सांगत नाही.

जोडीच्या परिणामकारकतेत आणखी एक गोष्ट आहे जिचा पुराव्याशी संबंधच नाही. अश्वघोषाच्या 'सौन्दरनन्द' काव्यात पत्नी सुंदरीच्या रूपात गुंतलेल्या नंदाला बुद्ध हिमालयात नेतो, एकाक्ष वानरी दाखवून ही सुंदर की तुझी पत्नी असे विचारतो, आणि पुढे स्वर्गातील अप्सरा दाखवून तोच प्रश्न पुन्हा करतो. अप्सरांपुढे नंदाची सुंदरी त्या वानरीच्या जागी जाऊन बसते. सुंदरीच्या रूपात यत्किंचित फरक पडलेला नसतो, शेजार तेवढा बदललेला असतो. बुद्धाने ही तुलना आसक्ती तोडण्यासाठी वापरली आणि ती मुद्दाम रचलेली आहे हे काव्य लपवत नाही. चित्रांच्या जोडीत आधीचा चेहरा वानरीच्या जागी बसवला जातो. तो चेहरा कालपर्यंत कोणाचा तरी साधा, चालता-बोलता चेहरा होता; शेजारी 'नंतर' आल्याबरोबर तो 'आधी' झाला, म्हणजे दुरुस्त करण्याजोगा झाला. पाहणारा मग स्वतःच्या आरशातही तोच शब्द वाचू लागतो. हे चित्र खरे असले तरी घडते, आणि खोटेपणा पकडण्याच्या कोणत्याही कसोटीत ते सापडत नाही.

भारतात 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी रुग्ण मिळवण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आवाहन करणे अनैतिक ठरवले आहे, आणि ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यासही मनाई केली आहे. ओळख पटणार नसेल तर मात्र संमतीची गरज नाही असेही त्यांत म्हटले आहे. त्यामुळे डोळ्यांवर काळी पट्टी ओढण्याची पद्धत सोयीची ठरते. रुग्णाच्या खासगीपणाच्या दृष्टीने ती समर्थनीयही आहे. पण ज्या खुणांवरून 'तोच हा' असे ओळखता येते त्यांपैकी सर्वांत बोलक्या खुणा त्या पट्टीखाली जातात, आणि प्रत्यभिज्ञेचा जो थोडाफार आधार पाहणाऱ्याजवळ होता तोही सुटतो. रुग्णाचे रक्षण आणि पुराव्याची पारख ही दोन कर्तव्ये येथे एकमेकांच्या वाटेत उभी राहतात व त्यांचा मेळ अजून कोणी घातलेला नाही. कावसजीचे चित्र उघड्या डोळ्यांचे आहे आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही आहे. ज्याने ते नाक घडवले त्याची फक्त जात त्या पत्रात नोंदलेली आहे. आजच्या चित्रांत कोपऱ्यात चिकित्सकाचे नाव ठळक असते आणि पट्टीमागचा माणूस कोण हे कळत नाही.